नोंदीतली आई

कौसल्या परतूर स्टेशनात उतरली तेव्हा अकरा वाजून गेले होते. पहाटे धावड्याहून निघायचं, भोकरदनला गाडी बदलायची, जालन्याला एसटीतून उतरून रेल्वे धरायची, एवढा सगळा प्रवास तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरून केला होता. पिशवीत फॉल-पिको करून आणलेली साडी होती आणि इस्त्री मोडू नये म्हणून ती वर्तमानपत्रात गुंडाळली होती. निघताना शेजारच्या झुंबरबाईकडे तिनं शेळी आणि घराची किल्ली सोपवली आणि "चार दिवस लागतील, लेकीच्या कंपनीनं बोलावलंय," हे पाच घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. कौसल्या काही बढाईखोर बाई नव्हती. पंचावन्न वर्षांत बढाई मारावी असं फारसं काही हाती लागलंच नव्हतं, त्यामुळे सवय नव्हती आणि आवाज जरा जास्तच मोठा लागला.

दीपमालेनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. तिला कंपनीत दहा वर्षं झाली. अशा लोकांचा शनिवारी हैदराबादला सत्कार आहे, आई-वडिलांना स्टेजवर बसवणार आहेत, येण्याजाण्याचं कंपनी बघते. "माय, तुला यायचंय. गुरुवारी परतूरला ये, तिथून आपण संध्याकाळच्या गाडीनं सगळे मिळून जाऊ."

स्टेशन रोडवरच्या घराचं दार सुमितनं उघडलं. तिचा दीर शिवाजी आणि जाऊ द्वारकाबाई यांचा हा एकुलता एक मुलगा, जालन्यात एका बियाणेवाल्या शेठकडे नोकरीला. शेठच्या दुकानातून सुट्टी मिळणं म्हणजे दिव्यच, पण आज तो घरी होता.

"मोठी माय? तू कशी काय?" तो म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याला कळलं की असं विचारायचं नसतं. "ये ना, ये. जय भीम."

आत पलंगावर द्वारकाबाईच्या तीन साड्या पसरलेल्या होत्या. खुर्चीत बसून शिवाजी मास्तर कोटाची बटणं लावून बघत होते. बायपास झाल्यापासून अंग उतरलं होतं आणि कोट खांद्यावरून घसरत होता. टेबलावर जाड सोनेरी काठाचं कार्ड होतं. दीपमाला कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली होती. आईला बघून ती उठली, पण जवळ आली नाही. लहानपणी काही फोडलं की ती अशीच उभी राहायची.

"इंग्रजी हाय," सुमित कार्ड उचलून म्हणाला. कौसल्येला बोलावलंय हे त्याला ठाऊक नव्हतं, बिचारा खुशीत होता. "श्री. शिवाजी आणि सौ. द्वारकाबाई साळवे, तुमच्या कन्येच्या सेवेची दहा वर्षं... पुढं लई गोड गोड लिव्हलंय."

कौसल्येनं पिशवी दाराआड भिंतीला टेकवून ठेवली. "चांगलं केलं कंपनीनं," ती म्हणाली. "मी म्हटलं भाऊजींची तब्येत बघून यावं. लई दिस झाले."

"तब्येत बघायला नाही आली ती," दीपमाला म्हणाली. "मी बोलावलंय तिला."

द्वारकाबाईच्या हातातली साडी तिथंच थांबली.

ही गोष्ट सत्तावीस वर्षांपूर्वी झाली होती आणि घरात सगळ्यांना ठाऊक होती, म्हणूनच कोणी कधी बोलत नव्हतं. कौसल्येचा नवरा भिवा विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला तेव्हा दीपमाला चार वर्षांची होती. धावड्याला कौसल्येच्या पदरी दोन एकर आणि अंथरुणावर पडलेली सासू. शिवाजी परतूरला एका संस्थेच्या शाळेत मास्तर, लग्नाला पाच वर्षं होऊन घर रिकामं. पोरगी हुशार, शाळा चांगली, पण संस्थेचा नियम असा की कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या मुलांनाच राखीव जागा. पुतण्या-भाच्यांना नाही. मास्तरांनी अर्जावर वडिलांच्या नावापुढे स्वतःचं नाव लिहिलं, आईच्या नावापुढे द्वारकाबाईचं, आणि कागद कौसल्येपुढे धरून म्हणाले, "वहिनी, तुम्ही हो म्हणत असाल तरच." कौसल्या म्हणाली, "लिव्हा." जन्माचा दाखला कोणी काढलेलाच नव्हता, तेव्हा विचारणारंही कोणी नव्हतं. शाळेचा दाखला पुढे कॉलेजात गेला, कॉलेजाचा कंपनीत गेला, आणि दीपमाला भिवा साळवे अशी कोणी पोरगी कुठल्याच कागदावर उरली नाही.

घरात ती काका-काकूच म्हणायची. शाळेच्या फाटकाच्या आत मात्र शिवाजी तिचे वडील असायचे. पहिल्या दिवाळीला धावड्याहून परतताना तिनं एसटीचा दांडा धरून आकांत केला होता. दुसऱ्या दिवाळीला नुसती रडली. तिसऱ्या दिवाळीला तासभर आधीच दप्तर घेऊन ओट्यावर बसली होती, गाडीची वाट बघत. त्या तिसऱ्या दिवाळीचं दुःख कौसल्येनं कोणाला सांगितलं नव्हतं, कारण पोरगी रडत नाही याचं दुःख करणारी आई लोकांना वेडी वाटली असती.

"मी तिसरी खुर्ची मागितली होती," दीपमाला सांगत होती. "अर्ज केला, कारण लिहिलं. मला वाटलं देतील. काल संध्याकाळी नाही म्हणून आलं."

"काल आलं तर मला फोन का केला न्हाई?" कौसल्येनं विचारलं. आवाजात राग नव्हता, पण प्रश्न सरळ होता.

"सकाळी परत बोलते म्हटलं त्यांच्याशी. वाटलं, तू पोचेपर्यंत होऊन जाईल."

"एवढी मोठी कंपनी," सुमित म्हणाला, "अन् एक खुर्ची जड झाली व्हय? आमच्या शेठला नुसतं सांगितलं असतं ना, अख्खी जीप भरून माणसं बोलावली असती. पप्पाच्या बायपासला शेठ स्वतः आल्ता, दोन घंटे बसला. तुझ्या कंपनीतून कोण आल्तं?"

"माणूस नव्हता आला. पण रात्री अकराला विम्याच्या मंजुरीचा कागद पाठवला आणि सकाळी सातला काका ऑपरेशनला आत होते," दीपमाला म्हणाली. "तुझा शेठ दोन घंटे बसला, आणि तुझा दोन महिन्यांचा पगार अजून त्याच्याकडंच बसलाय."

"देतो तो. थोडं मागंपुढं होतं."

"आणि चहा?"

सुमित हसला, पण नीट हसता आलं नाही त्याला. शेठच्या घरी गेलं की त्याचा चहा वेगळ्या कपात येतो, कान तुटलेल्या, आणि तो कप खिडकीत ठेवलेला असतो, हे त्यानंच एकदा नक्कल करून सांगितलं होतं. तेव्हा सगळे पोट धरून हसले होते.

"मला दहा वर्षांत एकानं गाव विचारलं नाही, आडनावाचा माग काढला नाही," दीपमाला म्हणाली. "काम बघतात. चांगलं झालं की वर चढवतात. सगळ्यांना एकच नियम."

"तेच तर म्हणून राह्यलो मी," सुमित म्हणाला. "सगळ्यांना एकच नियम. मंग मोठी मायलाबी तोच."

मास्तरांनी कोट काढून घडी घातली. "संस्थेत मी तीस वर्षं घालवली," ते म्हणाले. "तिथं नियम कमी आणि अध्यक्षांची मर्जी जास्त. मर्जीपेक्षा नियम बरा, हे मी आयुष्यभर म्हणत आलो. आज पहिल्यांदा जरा विचार करावा लागतोय."

दीपमालेनं पुन्हा कंपनीत फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मोठा केला. पलीकडे राजनंदिनी म्हणून मराठीच मुलगी होती, कर्मचाऱ्यांच्या अडचणी बघणारी. आवाज इतका गोड की कौसल्येला वाटलं, हिला कोणीतरी जेवायला वाढावं.

"मॅडम, मला खरंच वाईट वाटतंय," राजनंदिनी म्हणाली. "पण सिस्टीममध्ये पालक म्हणून दोनच नावं घेता येतात. चुलतींना घरबसल्या कार्यक्रम बघता येईल, मी लिंक पाठवते ना."

"ती माझी चुलती नाही. आई आहे."

पलीकडून कीबोर्डची टकटक आली. "नोंदीत तसं नाहीये मॅडम. दुरुस्ती करता येईल तुम्हाला. प्रतिज्ञापत्र जोडायचं आणि आजच टाकलंत तर कार्यक्रमासाठी मी स्वतः पाठपुरावा करीन. फक्त मग आत्ताची दोन्ही नावं निघतील. विम्यातूनही. आणि मागचे क्लेम, म्हणजे वडिलांचं ऑपरेशन वगैरे, ते विमावाले पुन्हा बघायला काढू शकतात. मी तुम्हाला स्पष्ट सांगितलेलं बरं."

फोन बंद झाल्यावर सुमितलाच पहिल्यांदा तोंड फुटलं. घरात कोणी गप्प बसलं की याला बोलावंच लागतं, ही त्याची जुनी खोड. "एवढं कशाला? सोपं हाय. मम्मीच्या आधार कार्डावर मोठी माय जाईल. पप्पाच्या बाजूला बसंल, हार घेईल, येईल. फोटो तर असा हाय कार्डावर की मम्मीबी स्वतःला ओळखत न्हाई. तिथं कोण बघायला बसलंय, कोणाची बायको कोण?"

कौसल्येनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. सत्तावीस वर्षं ती या दिरासमोर खुर्चीवर बसली नव्हती, आणि हजार माणसांसमोर त्याची बायको म्हणून बसायचं हे त्या पोरानं भाजी निवडावी तितक्या सहज सांगितलं होतं.

"सुमित," मास्तर म्हणाले, "माझ्या थोरल्या भावाची बायको आहे ती. उठ तिथून."

सुमित उठला आणि दारात जाऊन उभा राहिला. नंतर तोच म्हणाला, "चुकलं, मोठी माय," आणि त्याचं खरंच चुकलं होतं, म्हणून कौसल्येनं मान हलवली.

"दुरुस्ती करून टाक, दीपा," मास्तर म्हणाले. "खोटं मी लिहिलं होतं. मी आता रिटायर माणूस, कोण काय करणार? हृदयाचं म्हणशील तर चाललंय बराबर. वहिनींचा हक्क आहे."

"अन् माझा?" द्वारकाबाई म्हणाली.

तिनं पलंगावरच्या साड्या एकेक करून कपाटात टाकायला सुरुवात केली होती, न घडी घालता.

"मी नको जायला, बिलकुल नको. मला काय हौस न्हाई तिकडं जायची. अक्काला न्या. पण माझं नाव खोडायचं म्हणता? हिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या. कांजण्या आल्या तव्हा बारा रात्री मी बसले, सुमित पोटात होता तरी. दहावीला पेपर असले की मी शाळेच्या भिंतीला टेकून उभी राह्यची, उन्हात. ते खोटं लिव्हलेलं होतं, व्हय हो? तुम्ही लिव्हलं एका मिनिटात. मी केलं ना ते सगळं."

सुमित दारातून आत आला आणि आईच्या बाजूला जाऊन उभा राहिला. दीपमालेनं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि शेवटी नजर लॅपटॉपवर नेली.

"काकू, तुझं नाव खोडणं म्हणजे तुला खोडणं नाही," ती म्हणाली.

"मंग अक्काचं नाव नसणं म्हणजे अक्का नसणं न्हाई," द्वारकाबाईनं उत्तर दिलं. "कशाला मंग रडारड?"

कौसल्या द्वारकेचा राग राग करत आली होती, वर्षानुवर्षं, मनातल्या मनात. ही पोरीची वेणी घालते, पोरीचं डोकं हिच्या मांडीवर असतं, या विचारानं धावड्याच्या घरात तिचा घास अडकायचा. आता समोर द्वारका कपाटाला धरून उभी होती आणि तिचं एकही वाक्य खोटं नव्हतं. राग करायला कोणी उरलं नाही म्हणजे माणूस जास्तच एकटं पडतं, हे कौसल्येला तिथं बसल्याबसल्या कळलं.

"तुला आठवतं माय," दीपमाला एकदम म्हणाली, "तुझं पिशवीचं ऑपरेशन झालं, जालन्याला? मी तीन दिवस आले होते. तेव्हा चुलतीसाठी सुट्टी देईनात. मग मलाच ताप आलाय म्हणून कळवलं. तर कंपनीनं माझ्या हैदराबादच्या खोलीवर फळांची टोपली पाठवली, 'लवकर बऱ्या व्हा' म्हणून चिठ्ठी लावून. मी परत गेले तर दारात केळी सडलेली, मुंग्या लागलेल्या. मी ती टोपली घेऊन बसले आणि लई रडले. कोणावर रडायचं तेच कळेना. त्यांनी तर चांगलंच केलं होतं."

हे तिनं आजवर सांगितलं नव्हतं. कौसल्येला वाटायचं, पोरगी चौदाव्या मजल्यावर राहते, थंडगार कचेरीत बसते, महिन्याच्या शेवटच्या तारखेला पगार, तिला कसलं दुःख. धावड्यात आपण एकट्या आहोत एवढंच तिला माहीत होतं. तिकडे लेकही तशीच एकटी बसते, हे तिच्या ध्यानात कधी आलं नव्हतं.

दीपमालेनं लॅपटॉप ओढला. "मी करतेय दुरुस्ती," ती म्हणाली. "जे व्हायचं ते होऊ दे."

"थांब," कौसल्या म्हणाली. "आता बघ. भाऊजींच्या छातीत पुन्यांदा काही झालं तर कुठं जायचं? मागचं उकरून काढलं तर तुझ्या नोकरीचं काय? एका दिवसाच्या हारासाठी एवढा खर्चा कोण करतं? नाव मी दिल्तं. मला कोणी फसवलं न्हाई. 'लिव्हा' म्हणले तव्हा मला बराबर कळत होतं मी काय म्हणून राह्यले. द्वारका जाईल. ती निळी साडी नेस, द्वारका, ती बरी दिसंल."

"अक्का," द्वारकाबाई म्हणाली आणि कपाटातून निळी साडी काढून तिची घडी घालायला लागली.

पिशवीतली नवी साडी मात्र कौसल्येनं काढून दिली नाही. एवढी थोर ती नव्हती.

दुपारी सगळे जेवले. वरणभात आणि वांग्याची भाजी, पण कोणाचंच लक्ष ताटात नव्हतं. राहा म्हणून मास्तरांनी दोनदा सांगितलं, सुमितनं गाडीवर भोकरदनपर्यंत सोडतो म्हटलं. कौसल्या म्हणाली, शेळी शेजारणीकडं हाय, आणि पिशवी उचलली. शेवटी दीपमालाच तिला स्टेशनावर सोडायला आली.

जालन्याकडे जाणारी गाडी वीस मिनिटं मागे होती. दोघी फलाटाच्या टोकाला बाकावर बसल्या. ऊन तिरपं झालं होतं, समोरच्या रुळांपलीकडे कापसाच्या गाठी भरलेला ट्रक उभा होता. दीपमालेनं आईचा हात हातात घेतला. तिचा हात मऊ होता आणि गार होता, आणि कौसल्येला स्वतःच्या हाताची लाज वाटली, म्हणून तिनं तो थोडा मागे घेतला. दीपमालेनं सोडला नाही.

"मी राजीनामा देऊ का, माय? जालन्यातही आहेत कंपन्या. लहान आहेत, पण आहेत."

"अन् कान तुटलेल्या कपात चहा पिशील? काही नको. चांगलं चाललंय तुझं."

मग कौसल्येनं विचारलं, कित्येक दिवस विचारायचं राहिलेलं एखादं साधं काम विचारावं तसं.

"मी मेल्यावर तुला सुट्टी भेटंल का?"

"माय, काहीतरीच काय बोलतेस."

"काहीतरीच न्हाई. बराबर सांग. नियम असंल ना त्याचा."

दीपमालेला नियम पाठ होता. तिनं तो कधीतरी एकटीनं, खोलीवर बसून वाचला होता हे तिच्या चेहऱ्यावरून कौसल्येला दिसलं.

"आई-वडील गेले तर दहा दिवस," ती म्हणाली.

"ते द्वारकाचं झालं. माझं सांग."

"चुलतीला एक दिवस."

कौसल्येनं मनात प्रवास मांडून बघितला. हैदराबादहून रातभर गाडी, सकाळी जालना, मग भोकरदन, तिथून मिळेल ते वाहन. "एका दिवसात येणं होतं," ती म्हणाली. "जाणं होत न्हाई."

"मी येईन. नोकरी गेली तरी येईन."

"तसलं काही करू नको. भाऊजी हायेत, सुमित हाय, गावातली माणसं हायेत. जल्दीच करतील ते, कोणासाठी थांबायचं न्हाई म्हणून मी सांगून ठेवीन झुंबरबाईला. तू नंतर ये. सवडीनं ये, जोडून सुट्टी आली की."

लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला आणि फलाटावरची माणसं उठली. दीपमाला खाली बघत होती. तिच्या मनात काय काय चाललं असेल ते असो. दहा वर्षांच्या सवयीनं असेल, किंवा आईला आता आणखी त्रास नको म्हणून असेल, तिनं मान हलवली.

"हो," ती म्हणाली.

तिनं नाही म्हणावं, भांडावं, ओरडावं, दांडा धरून आकांत करावा, असं कौसल्येला फार फार वाटलं. पण गाडी फलाटाला लागली होती, आणि बायकांचा डबा पुढे होता.